बेहड्याची पाठ

धनेशाचा नर दिवसभर आला नाही, आणि ही गोष्ट राखणदाराने कुणालाही सांगितली नाही. पाखरूच ते, त्याला काय हजेरी लावायची असते, आज नाही तर उद्या येईल, अशी स्वतःची समजूत घालून त्याने झाडासमोरच्या पानाफांद्यांच्या लपणातलं पोतं झटकलं आणि पुन्हा झाडाकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. मग मात्र राखणदार पोत्यावर धड बसेना.

झाड बेहड्याचं होतं, ओढ्याच्या काठचं, सरळसोट, दोघांच्या कवेत न मावणारं. मान पार मागे टाकली तरच दिसेल अशा उंचीवर त्याला ढोली होती. त्या ढोलीत धनेशाची मादी उन्हाळा लागायच्या आधीपासून स्वतःला चिणून घेऊन बसली होती. माती आणि विष्ठा कालवून तिने दार लिंपलं होतं आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवली होती. आत गेल्यावर तिने उडायची पिसं टाकून दिली होती. आता अंडं फुटून पिल्लूही झालं होतं. दोघांचा सगळा भार नरावर. तो उंबराची फळं गळ्यात भरून आणायचा आणि फटीतून एकेक आत द्यायचा. येताना त्याच्या पंखांचा आवाज लोहाराच्या भात्यासारखा लांबूनच कळायचा. असा नवरा माणसांत शोधून सापडणार नाही, हे राखणदाराची बायको त्याला येता-जाता ऐकवायची. तशी बायको तरी कुठे सापडते, सबंध उन्हाळा तोंड मिटून घरात बसणारी, असं तो म्हणायचा. मग त्याला चहा उशिरा मिळायचा.

उद्यानाच्या या बाजूला धनेशाचं तेवढंच एक घरटं उरलं होतं, म्हणून त्याला राखणदार आणि राखणदाराला नाक्यामागच्या दोन पत्र्याच्या खोल्या. हंगामाच्या सुरुवातीलाच वनपालाने सांगून ठेवलं होतं की पिल्लू उडालं तर काम कायम आणि खोल्याही तुझ्या. नाही उडालं तर चंबूगबाळं आवरायचं. आधीच्या राखणदाराने ते आवरलं होतं. त्याच्या पोराने चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने काढलेला हत्ती अजून पुसला गेला नव्हता. बायको रोज त्या हत्तीकडे पाहत भाकरी थापायची.

वनपालाला माघारी सगळे खोकला म्हणत. तो यायच्या आधी त्याचा खोकला यायचा, त्यामुळे चोरांना आणि सांबरांना सारखीच सूचना मिळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तो खोकला ओढ्याच्या पलीकडून ऐकू आला तेव्हा राखणदार लपणातून बाहेर येऊन उभा राहिला. वनपालाने विचारलं, नर येतोय ना वेळच्या वेळी? राखणदार म्हणाला, येतोय की साहेब. वरून पिल्लू ओरडत होतं, तेच पुढे करून त्याने सांगितलं, पोटात पडल्याशिवाय का एवढा आवाज निघतो? वनपालाने वर पाहिलं, मग राखणदाराकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"तिकडच्या उंबरांवर नर कुणाला दिसला नाही या आठवड्यात," तो म्हणाला. "आणि तू घरात मधवाल्याला ठेवून घेतलायस. माझं लक्ष आहे."

मधवाला म्हणजे राखणदाराचा मेहुणा. जंगलात मध काढायला बंदी झाली आणि त्याचा धंदा बसला. मग बायको तापाने गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो बहिणीकडे आला तो एक वळकटी, धुराने काळा झालेला मधाचा डबा आणि दोराचं भेंडोळं घेऊन. गावात त्याला मधाळ्या म्हणत, ते चेष्टेने, कारण बोलणं विळ्यासारखं. तसा तो बोलायचाही कमीच. दिवसा पडून राहायचा, मनात आलं की उठून जंगलात जायचा आणि कुठे गेला होतास म्हणून विचारलं तर म्हणायचा, "पाय मोकळे करायला." पाय मोकळे करायला गेलेल्या माणसाचे हात कशाला फाटतात, हे राखणदाराला कळत नव्हतं. मेहुण्याच्या बोटांवर ताज्या जखमा होत्या. ओरखडे नव्हे, चिमट्याने मांस धरून पिळावं तशा. त्यावर त्याने हळद दाबली होती.

"काय झालं हाताला?"

"काट्यात गेला, दाजी."

राखणदार जंगलात वाढला होता. काटा ओरबाडतो, चावत नाही, एवढं त्याला समजत होतं. एवढी जाड चिमटी या रानात कशाची असते हेही समजत होतं. पण ते मनात नीट उभं राहायच्या आत बायकोने ताट पुढे केलं.

आणि हे आणखी एक. बायको अलीकडे फार प्रेमळ झाली होती. लग्नाला एवढी वर्षं झालेली बायको अचानक प्रेमळ झाली की नवऱ्याने चौकशी करावी, असं शहाणी माणसं सांगतात. आधी दुपारी जेवायला आला की ती ताट आदळायची, चार घास खाऊन तो लपणाकडे परत निघायचा. आता ती म्हणे, सावकाश जेवा. म्हणे, ऊन किती आहे, घटकाभर आडवे व्हा, पाखरू काय पळून चाललंय? डोक्याला तेल चोळून देऊ का, असंही तिने एकदा विचारलं. तो आडवा व्हायचा, पण डोळा लागायचा नाही. या सगळ्या वेळात मेहुणा कधीच घरात नसायचा. तो कुठे जेवतो असं विचारलं तर बायको म्हणाली, तो आधीच जेवून गेला. आणि परसातल्या झाडाची पपई कुठे गेली असं विचारलं तर म्हणाली, वानरांनी नेली. राखणदाराने परसात जाऊन पाहिलं. वानरं आली की फांद्या मोडतात, अर्धं खातात, अर्धं फेकतात. इथे देठ स्वच्छ कापलेला होता.

त्याने तोंड उघडलं नाही. एकदा बोललं की माणूस सावध होतो, हे त्याचं धोरण. वनपालाकडून उचललेलं असावं, कारण वनपालही त्याच्याशी असाच वागत होता. तो हल्ली वेळी-अवेळी यायचा, आणि खोकला दाबून यायचा. एकदा तर लपणात मागून येऊन उभा राहिला आणि राखणदाराला कळलंही नाही. राखणदाराचा न्याहारीचा डबा त्याने स्वतः उघडून पाहिला, बोट घालून भाकरीच्या खाली काही आहे का तेही पाहिलं. राखणदार मान खाली घालून उभा राहिला. त्या दिवशी तो डबा तसाच घरी आला.

ऊन वाढत होतं. ओढ्याची धार तुटून नुसती डबकी उरली होती आणि त्या डबक्यांवर गवे भर दिवसा येऊन उभे राहत. उंबर यंदा लवकर झडले होते. शेकरं पाडाला न आलेली फळंही कुरतडून टाकत होती. अशा दिवसांत नर नाही, आणि तरी पिल्लू ओरडतंय, जोराने ओरडतंय. राखणदाराने बसल्या बसल्या एक हिशेब मांडला की आपण जेवायला जातो तेव्हाच नर येत असणार. हा हिशेब त्याला फार आवडला. त्या आधारावर तो वनपालाला येतोय येतोय म्हणून सांगत राहिला.

खातरी करायला एक जागा होती. ढोलीच्या बरोबर खाली जमिनीवर बिया, सालं, विष्ठा, पिसं यांचा ढीग साठतो. मादी आतून सगळं फटीबाहेर टाकते. ढिगावर ताज्या बिया असल्या की नर येऊन गेला. राखणदार रोज तो ढीग पाहायचा, पण नर यायचा थांबल्यापासून त्याला तिकडे जायची भीती वाटत होती. शेवटी मन घट्ट करून एका दुपारी जेवून परत आल्यावर तो सरळ झाडाच्या बुंध्याशी गेला.

बुंध्याखाली अंगण झाडावं तसं झाडलेलं होतं. एक बी नाही, एक पीस नाही. मातीवर खराट्याच्या रेघा उमटलेल्या. ढीग उचलून कुठे नेला तेही दिसत नव्हतं.

घरी जाऊन त्याने बायकोला विचारलं तेव्हा ती भांडी घासत होती. ती मान वर न करता म्हणाली, मीच झाडलं. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून खोकला सांगून गेला ना? एवढी घाण पडलेली बरी दिसते का?

राखणदार तिथेच बसला. "अगं, जंगल झाडतं का कुणी?"

"घाण दिसली की हात शिवशिवतात माझे," ती म्हणाली. "माहेरची सवय."

हे खरं वाटण्यासारखं होतं. ती बाई नाक्याच्या फाटकापर्यंतचा रस्ताही झाडायची, वनपालाच्या बुटांचे ठसेसुद्धा तिला चालायचे नाहीत. दुसरं कुणी असतं तर राखणदार हसून मोकळा झाला असता. पण झाडलेल्या जागेत काय होतं हे आता कुणालाच कळणार नव्हतं. तिथे काळी-पांढरी पिसं पडलेली असतील तर? रक्त असेल तर? भाऊ मारतो आणि बहीण झाडते. हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला घरी गेलाच नाही. लपणातून उठला, नेहमीच्या वाटेने थोडं पुढे गेला आणि करवंदीच्या जाळीत वळून बसला. ऊन डोक्यावर आलं. जंगल गप्प झालं, नुसते रातकिडे भर दिवसा कर्कश ओरडत होते. घाम डोळ्यांत जात होता आणि मुंग्या पायावर चढत होत्या, त्या झटकायचीही त्याला सोय नव्हती. मग ओढ्याच्या बाजूने मेहुणा आला. खांद्यावर दोर, पाठीला झोळी. त्याच्या मागून बायको. दोघं झाडाच्या पाठीमागे गेली आणि दिसेनाशी झाली. जाळीतून नुसता बुंधा दिसत होता, वरची ढोली पानांआड होती. घटका-दोन घटका गेल्या. पिल्लू एकदम गप्प झालं. काही वेळाने दोघं आली तशी निघून गेली.

राखणदार उठला आणि झाडाला वळसा घालून मागे गेला. एवढा हंगाम तो या झाडासमोर बसला होता. त्याच्या सालीची प्रत्येक भेग त्याला पाठ होती. पण लपणाचं तोंड ढोलीकडे, म्हणून त्याची नजरही कायम ढोलीकडे. झाडाची पाठ त्याने कधी पाहिलीच नव्हती. तिथे बुंध्यापासून वरपर्यंत बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, एकावर एक, मधवाले ठोकतात तशा, पार फांद्यांत जाईपर्यंत.

त्याच्या डोक्यात सगळं एका जागी आलं. नर मेला, त्याला मेहुण्यानेच धरला, त्याच्याच चोचीने त्याची बोटं फाटली. आता पिल्लू मोठं व्हायची वाट बघतायत. मोठं झालं की उतरवणार. आणि आपली बायको आपल्याला तेल चोळतेय.

घरी तो तडक मेहुण्याच्या वळकटीकडे गेला. घरात कुणी नव्हतं, ती दोघं विहिरीवर पाणी भरायला गेली होती. वळकटीत काही नव्हतं. मग त्याने मधाचा डबा उघडला. आत पोत्याचा तुकडा होता, आणि तुकड्यात गुंडाळलेली धनेशाची चोच. पिवळीधमक, वरच्या शिंगासकट, मुळाशी वाळलेलं मांस आणि त्यावर मुंग्या. राखणदाराने ती दोन्ही हातांत धरली. गेल्या महिन्यात हीच चोच फटीतून उंबर आत देताना त्याने पाहिली होती. त्याला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पण दोन्हीच्या खाली भीतीच होती. हे घरात सापडलं तर खोल्या तर जातीलच, पण हातात बेड्याही पडतील.

त्याने चोच होती तशी गुंडाळून डब्यात ठेवली आणि तो वनपालाकडे गेला.

काय सांगितलं, कसं सांगितलं, हे त्याने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. एवढं मात्र झालं की वनपाल दोन शिपायांना घेऊन आला तेव्हा बायको चुलीशी होती आणि मेहुणा दारात बसून दोराची गाठ सोडवत होता. वनपाल या वेळी खोकलाच नाही. त्याने घर धुंडाळलं नाही, अंथरुणं उलटी केली नाहीत. सरळ कोपऱ्यातल्या डब्याकडे गेला आणि झाकण उघडलं. राखणदार बाहेर पपईच्या झाडाला टेकून उभा होता. बायकोने डब्याकडे पाहिलं, मग वनपालाकडे, आणि मग दारातून नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

मेहुणा पळाला नाही. त्याने हात पुढे केले.

"दाजी, पाखरू मी मारलं नाही," तो म्हणाला. "विश्रामगृहाच्या विजेच्या तारेखाली पडलेलं सापडलं. चोच घेतली, ती घेतली. नाही म्हणत नाही."

"मग कळवलं का नाहीस?" वनपालाने विचारलं.

"कुणी मानलं असतं?"

चोचीला चांगलं गिऱ्हाईक असतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शिपाई त्याला धरून नेऊ लागले तेव्हा तो बहिणीला म्हणाला, "ताई, परसातली खालची पपई पिकली असेल." राखणदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस तुरुंगात निघालाय आणि याला खायचं सुचतंय. दोर आणि झोळी वनपालाने पुरावा म्हणून बरोबर घेतली. जाताना त्याने राखणदाराच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाला, शाबास. त्या हाताचं वजन राखणदाराला घरात शिरल्यावरही जाणवत होतं. वनपालाने आणखी एक काम सांगितलं होतं, त्या खुंट्या उपटून टाक.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि स्वतः भावाच्या वळकटीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. डोक्याला तेलही नाही आणि सावकाश जेवाही नाही.

सकाळी राखणदार कुऱ्हाड घेऊन झाडाच्या मागे गेला. खुंटी मारायला सोपी, काढायला अवघड. त्याने कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने ठोकून ठोकून खालच्या काही खुंट्या हलवल्या आणि घाम पुसायला थांबला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वरचा आवाज बदललाय. तो पुढे आला. पिल्लू ओरडत होतं, पण कालच्यासारखं नाही. ओढून ओढून, मध्ये मध्ये थांबत. त्याने बुंध्याला कान लावला. आत मादी लाकडावर चोच आपटत होती. थोडं आपटायची, थांबायची, पुन्हा आपटायची. नर आला की ती तशी आपटायची. आता कुणासाठी आपटतेय?

तो नाक्यावर गेला आणि वनपालाला म्हणाला, साहेब, नर मेलाय, आता त्यांना खायला घालायला हवं. वनपाल म्हणाला, झाडाला हात लावायचा तर वरून हुकूम पाहिजे, मी लिहून कळवतो. किती दिवस लागतील? त्याने खांदे उडवले. मग एकदम डोळे बारीक करून विचारलं, "नर तर गेल्या आठवड्यापासून मेलेला. तू रोज येतोय म्हणून सांगत होतास. मग खाऊ कोण घालत होतं रे?"

राखणदार तिथून निघाला. पण प्रश्न त्याच्याबरोबर वाटेने चालत आला. तो परत झाडाशी आला, ढोलीखालच्या झाडलेल्या मातीवर गुडघे टेकून बसला आणि पाहू लागला. बायकोने झाडलं होतं त्यानंतरच्या दिवसाची विष्ठा पडलेली होती. थोडीच. त्याने ती बोटाने चाळली. उंबराचं एकही बी नव्हतं. काळ्या, सुरकुतलेल्या, मिऱ्यांसारख्या बिया होत्या, कितीतरी. या रानात पपईचं झाड कुठेच नव्हतं. एकच होतं, त्याच्या परसात.

तो तिथे किती वेळ बसला कोण जाणे. फाटलेली बोटं म्हणजे फटीतून आत हात घातल्याची शिक्षा होती. दुपारचं प्रेम, कापलेला देठ, झाडलेली जमीन, सगळं तेच होतं, पण आता त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. एक गोष्ट मात्र वळत नव्हती. चोच. तारेखाली पाखरू पडलेलं सापडलं, हे मेहुणा म्हणतो. मारून नंतर पोटात कालवलं असेल, म्हणूनही माणूस मेलेल्याच्या पोरांना भरवतो. खरं काय ते पाखरालाच माहीत होतं. राखणदाराला हे आता आयुष्यभर कळणार नव्हतं, आणि ते कळणार नाही याचाच त्याला राग येत होता.

पावलं वाजली. बायको आली होती. साडी वर खोचलेली, पाठीला कापडात बांधलेल्या पपया, हातात विहिरीचा दोर. त्याला पाहून ती थांबली नाही. सरळ झाडाच्या मागे गेली. तोही मागे गेला.

"तू चढणार?"

"बाप कोण होता माझा?" ती म्हणाली. "लग्नाआधी चढत होते."

"मला सांगितलं का नाही? मी काय परका होतो?"

तिने दोर उलगडायचं थांबवलं. "सांगणार होतो आम्ही. तो म्हणाला, दाजी आधी खोकल्याला सांगतील आणि मग विचार करतील. मी म्हणाले, माझा नवरा तसा नाही." ती पुन्हा दोर उलगडू लागली. "त्यावरून भांडले मी त्याच्याशी."

"तारेखालीच सापडला ना त्याला? खरं सांग."

"मी बघायला नव्हते."

"तुला काय वाटतं?"

"तो माझा भाऊ आहे. मला वाटायचं ते वाटतं. तुम्हाला वाटायचं ते वाटलं."

त्याने हात पुढे केला. "दे तो दोर. मी धरतो खालून."

मधवाल्यांत दोर धरायचा नेम असतो, तो तिने त्याला सांगितला. चढणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा, सख्ख्या भावाने नाही. सख्ख्या भावाशी वाटणीचं भांडण असू शकतं. पण आपली बहीण विधवा व्हावी असं कुणालाच वाटत नाही, म्हणून बायकोच्या भावाचे हात सोलून निघाले तरी तो दोर सोडत नाही. तिच्या भावाच्या बायकोला भाऊ नव्हता आणि आता बायकोही नव्हती, म्हणून त्याचा दोर तिने धरला होता.

"आणि बाई चढली तर?"

"बाईसाठी नेम नाही. मी मनाने ठरवलं होतं कुणी धरायचा ते," ती म्हणाली. "तो आत बसलाय."

तिने दोर झाडाभोवती टाकला, स्वतःच्या कमरेला आणला आणि गाठ मारली. झाड आणि ती, मध्ये कुणी नाही. राखणदाराचा हात तसाच पुढे राहिला होता, तो त्याने खाली घेतला.

ती पहिल्या खुंटीवर पाय ठेवणार तेव्हा तो म्हणाला, "थांब. खालच्या ढिल्या झाल्यात. मी हलवल्यात त्या सकाळी."

तिने त्याच्याकडे पाहिलं. बाजूला सरकून उभी राहिली. त्याने ओढ्यातला धोंडा आणला आणि एकेक खुंटी पुन्हा आत ठोकली. प्रत्येकीला लटकून पाहिलं, हात सोलवटले तरी पाहिलं. मग म्हणाला, "एवढ्याच. वरच्यांना हात लावलेला नाही."

"वाटेकडे बघा," ती म्हणाली. "कुणी आलं तर हाक मारा."

ती चढू लागली. वरून मादीचं आपटणं ऐकू येत होतं. राखणदाराने वाटेकडे पाहायला हवं होतं, पण तो वर पाहत राहिला. खालच्या खुंट्या संपल्या, त्याचा हात पोचणार नाही त्या उंचीवर ती गेली, जिथल्या खुंट्या तिच्या भावाने ठोकल्या होत्या आणि ज्यांवर तो रोज चढत होता. तिथे ती थांबली. तिने पुढची खुंटी मुठीत धरली, गदागदा हलवून पाहिली आणि मगच पाय टाकला. नंतर त्याच्या पुढची. नंतर त्याच्या पुढची.

"मी खरंच हात लावला नाही गं," तो खालून म्हणाला.

ती ऐकत होती. पार ढोलीपर्यंत तिने एकही खुंटी हलवून पाहिल्याशिवाय सोडली नाही.